एकट्याचा ऑर्केस्ट्रा आणि त्यातली चार माणसं

मी बेंजो वाजवतो.

हे वाक्य चारचौघांत उच्चारलं की समोरचा "अरे वा" म्हणतो आणि दुसरीकडे बघतो. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली लाकडी पेटी. मांडी घालून पुढ्यात घ्यायची, एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. एके काळी मुंबईत बेंजोशिवाय हळद लागत नसे. आता लागते. डीजे लावतात.

तर माझी भाची नीलम, तिची हळद ठरली. ती लहान असताना मी तिला म्हणालो होतो, "तुझ्या हळदीला मामा वाजवणार." लहान मुलांना शब्द देताना माणूस बेसावध असतो. मुलं चॉकलेटं विसरतात, वाढदिवस विसरतात. नेमकं हे विसरत नाहीत.

"मामा वाजवणार," नीलमने घरात जाहीर केलं.

"एकटा?" शकुताई म्हणाली. शकुताई म्हणजे नीलमची आई आणि माझी थोरली बहीण. आम्ही एकाच सोसायटीत राहतो, जोगेश्वरी पूर्वेला. ती तळमजल्यावर, मी दुसऱ्यावर, त्यामुळे माझा अपमान करायला तिला लिफ्टचीही वाट बघावी लागत नाही. "धम्म्या, तुझी पार्टी कुठाय रे?"

प्रश्न दुखरा होता. आमची बेंजो पार्टी फुटून जमाना झाला. कीबोर्डवाला प्रितम नाशिकला गेला. ढोलकीवाला दादू डीजेकडे लागला. ढोलकी वाजवणारे हात आता केबल गुंडाळतात, असं मी म्हणतो. जेवण वेळेवर मिळतं, असं दादू म्हणतो. उरलेले दोघं "बघू रे" म्हणाले, आणि मुंबईत "बघू"चा अर्थ काय ते तुम्हाला माहीत आहे.

"मी एकटा सगळ्यांचं वाजवीन," मी म्हणालो.

का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहीण दारात उभी असताना माणसाच्या तोंडून जे निघतं त्याला तो जबाबदार असतो का, हा कायद्याचा प्रश्न आहे.

"रविवारी वाजवून दाखव. नाही जमलं तर गोरेगावचा हॉल आणि दादूचा डीजे. माणसं नाचली पाहिजेत. तुझं तोंड बघायला नाही बोलवत मी त्यांना."

"जमेल गं आई," नीलम म्हणाली. "मामा आहे ना."

या शेवटच्या तीन शब्दांनी पुढची सगळी वाट लावली.

०

मी बेंजो वाजवतो.
वरून यज्ञेश म्हणतो, सॉफ्टवेअर.

यज्ञेश तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आयटीत आहे. त्याला जिन्यात गाठून मी अडचण सांगितली. त्याने ती पूर्ण ऐकून घेतली नाही. आयटीतली माणसं अडचण अर्धी ऐकूनच उपाय सांगतात.

"काका, लूपिंग करा. सिंपल आहे. आधी ढोलकी वाजवायची, लॅपटॉप ती ऐकतो आणि परत परत वाजवत बसतो. तिच्यावर झांज चढवायची. मग दोन्ही वाजत राहतात. मग कीबोर्ड. थरावर थर. शेवटी वर तुमचा बेंजो."

"आणि खर्च?"

"झीरो. फ्री सॉफ्टवेअर आहे. जगभरातली हौशी माणसं मिळून बनवतात."

"त्यांना काय मिळतं?"

"काही नाही."

माझे डोळे भरून आले. ही तर आमचीच जातकुळी.

त्याने आपला जुना लॅपटॉप दिला. मी बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकली, ढोलकी मांडीवर घेतली आणि थाप मारली. थाप मारली तेव्हा आवाज आला नाही. मी ढोलकीकडे बघितलं, तेव्हा आला. माझा हात आणि स्पीकर यांच्यात एवढं अंतर होतं की मधल्या वेळात माझी बायको संघमित्रा स्वयंपाकघरातून "काय झालं?" विचारून परत गेली.

"सेटिंग आहे काका," यज्ञेश म्हणाला.

त्याच्याकडे सगळ्या दुःखांवर सेटिंग आहे. तो इंटरनेटवर शोधायला बसला. तिकडे कुठल्यातरी थंड देशातल्या एका गृहस्थाने हाच प्रश्न विचारला होता. त्याखाली अनेकांनी लिहिलं होतं, "मलाही." उत्तर कुणाकडेच नव्हतं, पण सोबत होती. अखेर यज्ञेशने काहीतरी दाबलं आणि अंतर मिटलं. काय दाबलं ते त्यालाही कळलं नाही.

रविवारी शकुताईच्या हॉलमध्ये प्रयोग. ढोलकीचा थर झकास बसला. झांजेचा बसला. कीबोर्ड बसला. नीलमने टाळी वाजवली. आणि तेवढ्यात स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "मेथीऽऽ पालऽऽक!"

खिडकीबाहेरून भाजीवाला गेला होता. कीबोर्डच्या वेळी. सॉफ्टवेअरचा स्वभाव भाबडा, त्याने तोही एक थर धरला. आता दर चार मात्रांनी भाजीवाला समेवर येऊ लागला. खरं सांगतो, तो माझ्यापेक्षा तालात होता.

"मेथी कुणी मागवली?" शकुताईने विचारलं.

"अगं, तो गेला कधीच. हे आत आहे."

"काढ बाहेर."

मी थर उलटा काढायचं बटण दाबलं. ढोलकी गेली. परत दाबलं, कीबोर्ड गेला. भाजीवाला राहिला. शकुताई पदराने तोंड झाकून हसत होती, आणि बहीण अशी हसते तेव्हा तिच्या मनात हॉल बुक झालेला असतो. मी मान ताठ ठेवून म्हणालो की कलेत असे प्रसंग येतात, मोठमोठ्या कलावंतांनासुद्धा आपल्या साधनांशी झगडावं लागतं, आणि मी आता तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून

अपडेट होत आहे. कृपया लॅपटॉप बंद करू नका.

कृपया लॅपटॉप बंद करू नका.

बंद करू नका.

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी मिळून चहा संपेपर्यंत वाचलं.

"पुढच्या रविवारी," नीलम आईला म्हणाली. "एक चान्स अजून. प्लीज."

०

मी बेंजो वाजवतो.
वरून यज्ञेश म्हणतो, सॉफ्टवेअर.
खालून नंदकुमार म्हणतात, हार्डवेअर.

नंदकुमार वीज कंपनीतून निवृत्त झालेले. हातात धरता येत नाही त्या वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. मेथीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा ते स्वतः वर आले.

"फुकट वस्तूला मालक नसतो, धम्मपाल. मालक नसला की बिघडल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या? हे घ्या."

त्यांनी पिशवीतून साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी लोखंडी डबी काढली. वर एक बटण. हे लूप पेडल. त्यांच्या जावयाचं. जावयाने गिटार सोडली आणि पेडल सासुरवाडीत राहिलं. "लॅपटॉप नको, इंटरनेट नको, अपडेट नको. पायाने दाबा, रेकॉर्ड. पायाने दाबा, वाजतं. पायाने दाबा, बंद."

वस्तू देखणी होती. एकच अडचण: ते पेडल उभं राहून गिटार वाजवणाऱ्यांसाठी बनवलेलं. बेंजो मांडी घालून वाजवतात. मांडी घातल्यावर पाय आहेत कुठे? स्वतःच्याच खाली. मी डावा गुडघा वापरून बघितला, तो बटणावर आपटला आणि पेडलआधी मीच ओरडलो. ते ओरडणंही लूपमध्ये गेलं. मग एक पाय पुढे पसरून अंगठ्याने दाबायला शिकलो. या आसनात मी दिवाळीची रांगोळी पुसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो, असं संघमित्रा म्हणाली.

पण खरी अडचण पुढेच होती. पेडल वाद्यांच्या रांगेत ठेवलेलं. त्याला पाय लागला की माझा उजवा हात आपोआप खाली जायचा, पेडलला टेकायचा आणि छातीला लागायचा. आम्ही देवबीव मानत नाही; पण वाद्याला पाय लागला तर हात जातो, तो विचारून जात नाही. माझ्या बापाने मला ढोलकी ओलांडली म्हणून झोडला होता. आता होई असं की अंगठ्याने बटण दाबायचं, नमस्कार करायचा, मग तार छेडायची. दर लूप एका नमस्काराने उशिरा सुरू होई. ढोलकी पुढे गेलेली, मी मागून हात जोडत धावतोय.

"नमस्कार करू नकोस ना," संघमित्रा म्हणाली.

"मी करत नाही गं. होतो."

"मग पेडलला चपलांच्या रांगेत ठेव. म्हणजे वाद्य वाटणार नाही."

हा उपाय चालला! उंबऱ्याजवळ, माझ्या सँडलच्या शेजारी ठेवल्यावर हात गप्प बसला. फक्त बाहेरून येणारा प्रत्येक जण त्यावर पाय देऊन आत येऊ लागला.

यज्ञेशला पेडलची खबर लागली आणि तो दुखावला. "काका, बॉक्समध्ये एकच बटण. एकच ट्रॅक. काहीही झालं की सगळंच पुसायचं?" नंदकुमार म्हणाले, "निदान मेथी विकत नाही." बिल्डिंगीत दोन पक्ष पडले. लिफ्टमध्ये लोक मला गुड मॉर्निंगच्या ऐवजी "काय ठरलं?" विचारू लागले. ज्यांना लूप म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांची मतं सर्वांत ठाम होती. शेवटी दोघांचाही मान राखायचा म्हणून यज्ञेशने पेडल एका वायरीने लॅपटॉपला जोडलं. पेडलने सांगायचं, लॅपटॉपने वाजवायचं. दुसऱ्या रविवारी शकुताईच्या हॉलमध्ये खिडक्या बंद करून वाजवलं. आणि वाजलं! अख्खी पार्टी वाजली. नीलम नाचली. शकुताईची टाच तिच्या नकळत हलली, मी बघितली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "हॉल सोडते, इथेच आवारात करू. पण ऐक, तुझ्यावर सोडतेय. आवाज बंद पडला तर माझ्या पोरीची हळद मयतासारखी दिसेल."

०

मी बेंजो वाजवतो.
वरून यज्ञेश म्हणतो, सॉफ्टवेअर.
खालून नंदकुमार म्हणतात, हार्डवेअर.
मधून मार्तंडराव म्हणतात, नियम.

मार्तंडराव आमचे सेक्रेटरी. मागे एका साखरपुड्यात डीजेच्या धडधडीने गच्चीवरच्या टाकीला तडा गेला, तेव्हापासून सोसायटीचा नियम असा: आवारात रेकॉर्डेड संगीत आठपर्यंत, लाइव्ह वाद्यं दहापर्यंत. वाजवणारा माणूस कधीतरी दमतो, मशीन दमत नाही, हे त्यामागचं तत्त्व. हळदीला माणसं जमायलाच आठ होतात. म्हणजे सगळा कार्यक्रम लाइव्हवर अवलंबून.

मी परवानगीचा अर्ज दिला. मार्तंडरावांनी कमिटीची बैठक लावली.

"तुम्ही ढोलकी वाजवता. ती लाइव्ह. मान्य. मग तुम्ही ढोलकी खाली ठेवता आणि ढोलकी वाजत राहते. ती काय?"

"तीच आहे ना काका," यज्ञेश म्हणाला. "आत्ताच वाजवलेली."

"आत्ता म्हणजे किती आत्ता?"

नंदकुमार उठले. "मी जिन्यात ओरडलो आणि माझा आवाज परत आला, तर तो लाइव्ह की रेकॉर्डेड?"

मार्तंडरावांनी फाइल चाळली. "प्रतिध्वनीबाबत कमिटीकडे अर्ज आलेला नाही."

चहा आला, गेला. मार्तंडराव वाईट माणूस नाहीत. त्यांना नियम मोडायचा नव्हता आणि नीलमचं मनही. त्यांनी निर्णय दिला: "जितके आवाज, तितकी माणसं. प्रत्येक आवाजामागे ते वाद्य घेऊन एक माणूस बसलेला दिसला पाहिजे. कमिटीला दिसलं की झालं."

मी हिशोब केला. माणसं मिळत नाहीत म्हणून मी मशीन आणलं होतं. आता मशीन चालवायला तेवढीच माणसं हवी होती.

०

नंदकुमार ढोलकी वाजवत नाहीत.
यज्ञेश कीबोर्ड वाजवत नाही.
संघमित्रा झांज वाजवत नाही.
काशीराम भावोजी दुसरा बेंजो वाजवत नाहीत.
मीही आता फारसं वाजवत नाही.

काशीराम भावोजी म्हणजे शकुताईचे यजमान, मुलीचे वडील. शकुताईने "तुम्ही नुसतं बसायचंय" असं सांगितल्यावर ते म्हणाले, "ते मला जमतं."

योजना सोपी होती. ढोलकी नंदकुमारांच्या मांडीवर असल्यामुळे मला ती तिथे वाजवता येणार नव्हती, म्हणून सगळे थर, दुसऱ्या बेंजोचाही, घरीच वाजवून लॅपटॉपमध्ये भरून आणायचे. चौघांनी वाद्यावर हात फिरवायचे, टेकवायचे नाहीत. रोज संध्याकाळी माझ्या घरी तालीम. न वाजवण्याची तालीम.

पहिले दोन दिवस सगळे लाजले. मग बिघडले.

"धम्मपाल, माझी ढोलकी जरा दबतेय," नंदकुमार म्हणाले.

"ती तुमची नाही, माझी आहे. रेकॉर्ड केलेली."

"पण बसलोय मी ना? लोक मला नावं ठेवतील."

मी ढोलकी वाढवली. मग संघमित्राने झांज आपटली, म्हणजे आपटल्यासारखं केलं. "माझी झांज ऐकूच येत नाही. घरातसुद्धा माझं कोण ऐकतंय म्हणा." झांज वाढवली. यज्ञेशने सोलो मागितला. त्याला मी विचारलं, तू काय वाजवणार सोलोत? तो म्हणाला, "तुम्ही वाजवून द्या ना काका, मी चेहऱ्याने भाव देतो." काशीराम भावोजींनी काहीच मागितलं नाही; ते फक्त दर पाच मिनिटांनी "माझं बरोबर चाललंय ना?" विचारत. एके दिवशी नंदकुमारांनी मनगटाला पट्टी बांधून तालीम बुडवली. हात भरून आला म्हणे.

मी एका खऱ्या पार्टीत होतो. तिथेही एवढी भांडणं नव्हती.

०

हळद.

आवारात मांडव, दिव्यांच्या माळा, पाटावर पिवळीधमक नीलम. आठ वाजून गेले. मार्तंडराव खुर्ची टाकून समोर बसले. मी अंगठ्याने पेडल दाबलं आणि ऑर्केस्ट्रा सुरू झाला. काय वाजला! नंदकुमारांनी डोळे मिटले. यज्ञेशने केस उडवले. काशीराम भावोजी जावयाकडच्या मंडळींकडे बघून मान हलवत होते आणि मंडळी म्हणत होती, "नवरीचे वडील वाजवतात, बघा!" बायका उठल्या, पोरं उठली. मी लॅपटॉपवर वाकून ध्यान ठेवत होतो. माझा बेंजो पुढ्यात तसाच होता. वर वाजवायला मला फुरसतच होईना.

आणि आवाज गेला.

नंतर यज्ञेशने कारण शोधलं. पेडलला वाटलं लॅपटॉप वाजवतोय, लॅपटॉपला वाटलं पेडल वाजवतंय. दोघंही थांबले. आमच्या ऑफिसात हे रोज होतं, पण तिथे कुणी नाचत नसतं.

नाचणाऱ्या बायका हात वर तसेच धरून उभ्या राहिल्या. पण माझे चौघं थांबले नाहीत! डोळे मिटलेले, हात हवेत फिरतायत, संघमित्राच्या झांजा एकमेकींना न लागता ये-जा करतायत. संपूर्ण शांततेत चार माणसं रंगून वाजवत होती. जावयाकडच्या एका आजीने आपल्या कानाचं मशीन काढून फुंकलं आणि परत घातलं.

मी शकुताईकडे बघितलं नाही. नीलमकडे बघितलं. तिचा हळदीचा चेहरा रडवेला झाला होता, आणि तो माझ्याकडेच वळला होता.

"नंदकुमार!" मी ओरडलो. "हात टेकवा!"

त्यांनी डोळे उघडले, घाबरले, आणि घाबरून हात टेकवला. धिन्. ढोलकी वाजली. त्यांना स्वतःलाच केवढा धक्का बसला! पण पंधरवडाभर हवेत तीच आवर्तनं फिरवलेला हात थांबला नाही. संघमित्राची झांज लागली. यज्ञेशची तीन बोटं, त्याला तीनच येत होती, कीबोर्डवर पडली. भावोजींनी "माझं बरोबर चाललंय ना?" असं म्हणत तार छेडली. आणि तेच वाजू लागलं! तेवढंच. एकच तुकडा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बायका नाचू लागल्या.

मार्तंडराव उठले. त्यांनी हात वर केला.

"हे रेकॉर्डेड आहे."

"अहो, हात बघा आमचे!" नंदकुमार ढोलकी न थांबवता म्हणाले.

"हात मघाशीपण हलत होते. मी कानाने बघतो. प्रत्येक वेळी तंतोतंत तेच येतंय. आठ वाजून गेलेत. बंद करा."

"मार्तंडराव, लॅपटॉप बंद आहे!"

"मग माणसासारखं वाजवा. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. एक चूक दाखवा, दहापर्यंत वाजवा."

चौघांनी जिवाचा आटापिटा केला. नंदकुमारांनी थाप चुकवायला हात उंच नेला. तो बरोबर जागेवर उतरला. संघमित्रा दात-ओठ खाऊन झांज उशिरा मारायला बघत होती, जमेना. आयुष्यात पहिल्यांदाच बिनचूक काहीतरी हाताला लागलं होतं, ते हात मोडू देईनात. मार्तंडराव स्पीकरच्या वायरीकडे निघाले.

"मामा," नीलम म्हणाली, "तू वाजव ना. तू कधी वाजवणार?"

मी बेंजो पुढे ओढला. चूक करायचीच होती, पण आधी एक तुकडा असा वाजवू की जोगेश्वरी ऐकत राहील, चूक नंतर सावकाश करू, असं मी ठरवलं. इतकी वर्षं ज्यासाठी राखला होता तो तुकडा. मान ताठ केली, श्वास घेतला, तार छेडली.

पहिलाच स्वर चुकला.

नुसता चुकला नाही. मांडवात कुत्रं होतं, ते उठून गेलं.

नीलम एवढ्याने हसली की हळद तिच्या दातांना लागली. "हा मामाच!" ती म्हणाली आणि पाटावरून उठून नाचायला लागली. शकुताई तिला "अगं बस, अजून लावायचीय" म्हणत मागे धावली आणि तिच्यामागे धावताना नाचात सापडली.

मार्तंडरावांनी हात खाली घेतला. "लाइव्ह," ते म्हणाले.

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी खुर्ची माझ्या बेंजोजवळ ओढून घेतली आणि माझ्या प्रत्येक चुकीला मान हलवून मंजुरी देऊ लागले. दहा वाजले तेव्हा ते उठले, आणि त्यांची मान एका बाजूला राहिली होती.